आज्यानं शिकवलेलं विसरलो आणि १,२१,४५० रुपये घालवून बसलो

'घरी कातडी कमवायला शिकवतो, माल आम्हीच विकत घेतो' म्हणणाऱ्यानं मला फसवलं. रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिलं तेच विचारतो. ट्रेनिंगचे ४,५००. किटचे ३८,०००. 'उद्यम नोंदणी करून देतो' (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) म्हणून १,५००. बाय-बॅक कराराची, म्हणजे तयार माल तेच परत विकत घेणार त्याची, अनामत २५,०००. दुसऱ्या खेपेची साठ कातडी, ५४,०००. ट्रान्सपोर्ट २,३५०. झाले १,२५,३५०. त्यातले ३,९०० परत आले. ते कसे आले आणि का आले, ते पुढं सांगतोच.

आता 'लोभ नडला' म्हणणाऱ्यांसाठी. लोभ होता. पण मी अगदीच अडाणी होतो असं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कातडं कमावायचं, म्हणजे कच्च्या कातड्याचं चामडं करायचं काम चाललं. आजा मोटेसाठी कातडं कमावायचा. विहिरींवर इंजिनं बसली, मोटा गेल्या, तरी चपलांसाठीचं काम तो शेवटपर्यंत करत होता. चुन्याच्या हौदाचा वास माझ्या लहानपणाचा वास आहे. म्हणून तर जास्त लाज वाटते. शेअर बाजारात बुडलो असतो तर 'त्यातलं आपल्याला काय कळतंय' म्हणता आलं असतं. मी बुडलो कातड्यात.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि इकडं ज्याला त्याला चामड्याचं प्रेम उतू जायला लागलं. ऑगस्टमध्ये मला व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. 'घरच्या घरी कातडी कमवा, पाकिटं-पट्टे बनवा, माल आम्ही विकत घेऊ.' खाली तिरंग्याच्या रंगाची पट्टी आणि 'विश्वकर्मा योजनेशी संलग्न'. कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत लोकांचे पैसे कसे बुडाले ते आमच्या भागात पोरासोराला माहीत आहे. पिल्लं घ्या, खाद्य घ्या, अंडी आम्ही घेऊ. मीच गावात लोकांना त्यावरून शहाणपण शिकवलेलं. पण कोंबडीच्या जागी बोकडाचं कातडं आलं आणि मला साम्य दिसलं नाही. बाय-बॅक हा शब्द दिसला की जाहिरात बंद करा, एवढं साधं होतं.

ट्रेनिंग एका मंगल कार्यालयात. बावीस जण होतो, त्यात आठ-नऊ बायका, बहुतेक बचत गटाच्या. शिकवणारा माणूस पस्तिशीचा, सगळे त्याला सर म्हणत. बोलायला गोड. मला मात्र 'दादा, तुम्ही तर घराण्यातले, तुम्हाला काय शिकवायचं' असं म्हणायचा. कुणी तुमच्या घराण्याचं कौतुक करायला लागला की खिशावर हात ठेवा.

त्याचा दावा असा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमावायला महिना-सव्वा महिना लागतो, त्यांच्या 'हर्बल' पावडरमध्ये पाच दिवसांत होतं. आजा कातड्याची पिशवी शिवायचा, त्यात सालीचं पाणी भरून टांगायचा, पाझरलं की परत भरायचा, मग उलटी करून पुन्हा तेच. दिवसच्या दिवस. ते पाहिलेल्या माणसाला पाच दिवस म्हटल्यावर काय वाटेल? मला वाटलं, विज्ञान पुढं गेलं.

आणि आता तो क्षण. त्यांनी टबात पावडर कालवून 'पहिला हात दिलेलं' एक बोकडाचं कातडं आत टाकलं आणि शेजारच्या टबातनं आधी तयार झालेलं दुसरं काढून दाखवलं. वरनं सुरेख बदामी. मऊ. लोकांनी हात लावून पाहिलं, टाळ्या वाजल्या. मी सवयीनं खिशातली रापी काढली आणि कडेची बोटभर पट्टी कापली. आजा कुठलंही कातडं घेताना हेच करायचा. कातडं वरनं बघायचं नसतं, कापून कडेनं बघायचं. बाभळीचं असेल तर आरपार तपकिरी. कच्चं राहिलं असेल तर मधोमध पांढुरकी रेघ.

माझ्या पट्टीत वर तपकिरी, खाली तपकिरी आणि मध्ये निळसर राखाडी. पेन्सिलीनं ओढावी तशी सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

निळसर म्हणजे क्रोम. हे मला माहीत होतं. कारखान्यात क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं निळं निघतं, त्याला वरनं कुठलाही रंग देता येतो. मी विचारलं सुद्धा, 'सर, हे निळं कसं?' तो क्षणभरही थांबला नाही. 'दादा, तुमची रापी लोखंडाची. हिरडा आणि लोखंड भेटलं की निळं-काळं पडतं, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?'

आणि गंमत अशी की हे खरं आहे! हिरड्याला लोखंड लागलं की काळं पडतं. वाद्या काळ्या करायला आमच्याकडं हिरड्याचं पाणी आणि गंजकं लोखंडच वापरायचे. त्यानं मला माझंच ज्ञान परत विकलं. पण अरे गाढवा (हे मी मला म्हणतोय), लोखंडाचा डाग पातं लागलेल्या सगळ्या जागी पडेल ना. वरच्या-खालच्या तपकिरीला सोडून मधोमध आखल्यासारखा कसा पडेल? पट्टी माझ्या हातात होती. बावीस माणसं बघत होती. अजून एक प्रश्न विचारायचा होता फक्त. मी मान डोलावली आणि पट्टी खिशात टाकली.

ती पट्टी अजून आहे माझ्याकडं. बायको टाकून द्या म्हणते.

दुसऱ्या दिवशी ३८,००० भरले. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका माणसाचं होतं. 'करंट अकाउंटचं काम चालू आहे' म्हणाला. यावर मी आता काही बोलत नाही. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार नंबर टाकून स्वतःची स्वतः. विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत चर्मकाम आहे हे खरं, पण तिथंही नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. मी १,५०० दिले कारण 'सर्व्हर डाऊन असतो दादा, आमचा माणूस आहे तिथं'.

किटमध्ये पंचवीस कातडी, वीस किलो पावडर, आरी, दोरा, साचे. कातडी 'पहिला हात दिलेली', म्हणजे फिकट बदामी. आईनं पोत्याला नाक लावलं आणि म्हणाली, 'कातडं आलंय आणि घरात वास कसा नाही रं?' ऐंशी वर्षांची बाई. मी तिला म्हणालो, आता सायन्स बदललंय.

पाच दिवस भिजवलं. रंग आणखी छान चढला. चढणारच, कातडं आधीच क्रोममध्ये पक्कं झालेलं, त्याला नुसता लाल पाण्याचा हात बसत होता. पाकिटं शिवली. तेरा पाकिटं पाठवली आणि चार दिवसांत तीनशेच्या भावानं ३,९०० रुपये आले. पहिला हप्ता नेहमीच येतो. हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. पण पैसे आले की माहीत असलेलं विसरायला होतं. त्या ३,९०० च्या जोरावर मी ७९,००० दिले. त्यात 'पाकिटांना जीआयचं (ठराविक भागातल्या मालाची सरकारी ओळख) लेबल लावून देऊ' हेही होतं. कोल्हापुरीचा जीआय चपलेचा आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पाकिटाला कुठला आलाय जीआय? हे मी स्वतः चार लोकांना पूर्वी सांगितलेलं.

दुसरी खेप मात्र खरी कच्ची. खारवलेली, केसांसकट. 'आता तुम्ही सीनियर झालात.' वर ९०० रुपयांना एक. आमचा खाटीक त्याच्या दहाव्या हिश्शात देतो. चुन्यात घातली, केस काढले, मागचं मांस खरवडलं, चुना धुऊन काढला. हे सगळं हातानं, सुट्ट्या काढून. मग पाच दिवस पावडरमध्ये, आणि कागदावर लिहिल्याप्रमाणं शेवटी तीन पाण्यांत धुतलं. वाळल्यावर एक-एक कातडं पापडासारखं वाजायला लागलं. कापलं तर आत काचेसारखं पांढरं. परत भिजवलं तर दोन दिवसांत असा वास सुटला की शेजारच्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

फोन केला तर म्हणाला, 'तुमची प्रोसेस चुकली.' आणि मी ते मानलं! दोन आठवडे मी चुन्याचं प्रमाण तपासत बसलो. पावडर भावकीतल्या एका पोराला दाखवली, तो रसायनशास्त्र शिकवतो. तुरटी आणि गेरू. तुरटीनं कातडं पांढरं-मऊ दिसतं खरं, पण पाण्यात धुतलं की तुरटी निघून जाते आणि कातडं पुन्हा कच्चं. आणि कागदावर काय लिहिलेलं? तीन पाण्यांत धुवा.

मग एका रात्री चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. पहिल्या खेपेचा एक तुकडा टाकला आणि आज्याच्या जुन्या चपलेची एक वादी टाकली. वादी दोन मिनिटांत आखडून गोळा झाली, सालीत कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यात आकसतंच. पावडरवाला तुकडा सपाट, तरंगत राहिला. क्रोम. ट्रेनिंगच्या दिवशी पाणी उकळायला कुणी मनाई केली होती का मला? पातेलं बायकोनं फेकून दिलं, त्याची किंमत वर धरलेली नाही.

तोवर सरांचा फोन बंद. पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

आता आपली व्यवस्था. पोलीस ठाण्यात गेलो, सगळे स्क्रीनशॉट छापून, तारखेनुसार लावून. हवालदारानं पहिलं वाक्य वाचलं आणि विचारलं, 'कातडी कशाची?' बोकडाची म्हणालो. 'गायीबैलाची नाही ना? पावत्या आहेत?' फसवलेला मी, आणि अर्धा तास मीच सिद्ध करत बसलो की कातडी शेळ्या-बोकडांची आहेत. राज्यात गायीची कत्तल आधीपासून आणि बैलांची २०१५ च्या कायद्यानं बंद आहे, बोकडाची नाही, हे मी त्यांना सांगायचं! मग साहेब आले. 'हा व्यवहार आहे, सिव्हिल मॅटर आहे.' मी म्हणालो, फसवणूक आहे, जुनं कलम चारशेवीस, नवीन न्याय संहितेत ३१८. साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' मग पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून तिकडं जा. तिकडं गेलो, ते म्हणाले पैसे तुमच्याकडनं गेले, तिकडं जा. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, बीएनएसएसच्या (नवीन फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये लिहिलंय. हे तुम्ही लेखी अर्जात लिहा, तोंडी बोलू नका. तोंडी बोललं की माणूस हुशारी करतोय असं वाटतं त्यांना. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. मी पहिल्या वेळी सोडली.

बँकेत गेलो. 'तुम्हीच पाठवलेत ना? नाव दिसत होतं ना?' होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात ते अडवता येण्याची आशा असते. मी दोन आठवडे चुन्याचं प्रमाण तपासत होतो, तेव्हा त्यात दोष माझा.

ग्राहक आयोगाच्या कचेरीत एक कारकून म्हणाला, 'धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही.' परत आलो. नंतर कळलं की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माणूस ग्राहकच धरतात, आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. कारकुनाला हे ठाऊक नसेल? नसेल कदाचित. माझे दोन खाडे आणि एसटीचे पैसे गेले. आता तक्रार दाखल आहे, तारखा पडताहेत.

त्या बावीसपैकी तक्रारीला माझ्यासोबत कोण? दोघी. बचत गटाच्या. बाकीचे म्हणतात, जाऊ दे, गावात शोभा नको. एकानं तर मलाच सांगितलं, 'तुमच्यासारखा जाणकार माणूस कापून बघत होता, गप्प राहिला, म्हणून आम्ही पैसे भरले.' याला मी काय उत्तर देऊ?

कातड्यांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीची नोटीस आली. सात दिवसांत विल्हेवाट लावा, नाहीतर दंड. शेताच्या कडेला खोल खड्डा काढला, साठ कातडी टाकली, वर चुना, वर माती. जेसीबीवाल्यानं १,२०० घेतले.

गेल्या आठवड्यात ठाण्यातनं फोन आला. तीन महिन्यांनी. मी आनंदानं उठून उभाच राहिलो. हवालदार म्हणाले, 'तुमच्या अर्जावर चौकशी लागलीय. ती कातडी मुद्देमाल म्हणून जमा करायचीत, पंचनामा होईल. घेऊन या.' मी सांगितलं, पुरलीत साहेब, नोटीस होती.

'मग उकरून आणा,' म्हणाले.