गॅरेजचं ओपन वायरिंग: पट्टी नको, पाइपच बरा

एसटीच्या डेपोत नोकरी झाली, त्यामुळे भिंतीवरून उघडा गेलेला पाइप मला कधी खुपत नाही. घरच्यांना खुपतो. 'झिरी मारून आत घ्या की,' असा धोशा होता. पण गॅरेजात आज इथे असलेलं टेबल उद्या तिथे जातं. पॉइंट हलवायचा तर दर वेळी भिंत कोण फोडणार?

निवृत्तीनंतर साताऱ्यात घरामागच्या गॅरेजात मी जुन्या चेतक उघडून बसतो. वीज म्हणाल तर एक होल्डर आणि घरातून ओढलेली एक्स्टेन्शन. मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर आणली, प्लग गरम व्हायला लागला आणि ओळखीतल्या एका परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याच्या कामाचा हा अभिप्राय.

पठ्ठ्याने आल्या आल्या टेप काढली नाही. 'नाना, एका वेळी काय काय चालू असतं?' हे आधी विचारलं. एक एचपीचा कॉम्प्रेसर, ग्राइंडर, रात्री स्कूटरचा चार्जर. मग खडूने जमिनीवर मशीनच्या जागा आखल्या आणि त्यावरून भिंतीवर लाइनदोरी मारली. आडवा पाइप वर छताजवळून, खाली उतरेल तो सरळ बॉक्सच्या डोक्यावर. उद्या खिळा ठोकताना वायर कुठून गेली ते आंधळ्यालाही कळावं.

सॉकेट सगळी टेबलाच्या वर घेतली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. तिथे ठिणगी नको. हे मला ठाऊक होतं, पण त्याने आपणहून सांगितलं तेव्हा माणूस पसंत पडला.

दिव्यांना वेगळी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. ग्राइंडर अडकून एमसीबी पडली तरी उजेड राहिला पाहिजे, नाहीतर फिरतं चाक हातात आणि डोळ्यांपुढे अंधार. दिव्यांना दीडची (चौरस मिमी) वायर, सॉकेटना अडीचची, स्कूटरला स्वतंत्र चारची. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट एकदम ओढतो, म्हणून तिथे तो क्षणभराचा झटका सोसणारी सी टाइपची एमसीबी. सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच. तिचं टेस्टचं बटण त्याने माझ्याकडूनच दाबून घेतलं. प्रत्येक सर्किटबरोबर हिरवी अर्थिंगची वायर आहे आणि पत्र्याचे बॉक्सही अर्थ केलेत.

आता मालाचं. प्लॅस्टिकची केसिंग पट्टी स्वस्त, हॉलमध्ये ठीक. गॅरेजात पाना निसटून लागला की तिचं झाकण उडतं, मग उंदरांचं फावतं. म्हणून २५ मिमीचा मीडियम प्रकारचा पीव्हीसी पाइप घेतला. लाइट प्रकारचा थोडा स्वस्त पडतो, पण बोटांनी दाबला की दबतो. दुकानात दाबूनच बघा. आयएसआयची खूण आणि मीडियमची एमएमएस ही अक्षरं पाइपवरच छापलेली असतात.

वळणं त्याने तयार एल्बो लावून घेतली नाहीत. पाइपात स्प्रिंग घातली, गुडघ्यावर धरून हळूहळू वाकवला, काटकोनाच्या जरा पुढेच नेला आणि सोडला. पाइप स्वतःहून मागे आला आणि बरोबर बसला. मोठ्या गोल वळणातून वायर सरसर निघाली. एल्बोत ती हमखास अडते, मग ओढाताण, मग सोललेलं इन्सुलेशन. पाइप भिंतीला धरणारी सॅडल दोन-दोन फुटांवर, प्रत्येकाला भोकात ठोकलेली गिट्टी आणि स्क्रू. पाइपला लटकून पाहिलं नाही, पण हलवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

तक्रारी आहेत. 'उद्या येतो' म्हणाला की परवा धरायचं. डीबीवर, म्हणजे एमसीबींच्या पेटीवर, कुठली एमसीबी कशाची ते लिहिलंच नाही. शेवटी मी मार्करने लिहिलं. भिंतीवर पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे ओघळ तसेच ठेवून गेला. पांढऱ्या पाइपवर माझ्या ग्रीसचे हात उमटतात, त्याला मात्र तो काय करणार!

भाव पॉइंटवर ठरतो, तेव्हा पॉइंटमध्ये काय धरलंय ते आधीच विचारून घ्या. आमच्याकडे पत्र्याचे बॉक्स आणि घरापासूनची मेन वायर त्यात नव्हती, बिल बघून बायकोने भुवया उंचावल्या. पुढच्या महिन्यात मागच्या भिंतीला आणखी एक सॉकेट हवंय. त्यालाच बोलावणार आहे, फक्त एक दिवस आधीचा सांगून.