हॉपरबाईंची तार, अ‍ॅक्टनचा ओरडा की बर्गरची थंड अंघोळ: आधी कुठलं टॉक लावायचं?

कुणी ना कुणी विचारतंच, की कॉम्प्युटरवरचं एखादं भारी टॉक सांग ना, सुट्टीत बघायचंय किंवा टीमला बसवून दाखवायचंय, आणि आपण जोशात पाच नावं फेकतो, आणि नेमकं चुकीचं आधी लागतं. माझं झालंय हे. नव्या पोरांना थेट गेम-प्रोग्रॅमर माइक अ‍ॅक्टन लावून दिला, जवळपास दीड तासाचं टॉक, वीस मिनिटांत दोघं फोनमध्ये शिरलेले आणि एकजण चक्क चिडलेला, "हा माणूस आपल्यावर का ओरडतोय?" टॉक चांगलंच आहे हो, वेळ चुकली. तेव्हापासून मी टॉक कसं आहे यापेक्षा बघणाऱ्यांचं काय होतं तेच बघत बसते. कोण कुठे हसलं, कोण कुठे गप्प झालं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी कामावर कुणी त्यातलं काही काढलं का.

बहुतेकांची निवड फिरून फिरून तीन टॉक्सपाशी येते म्हणून त्यांच्यावरच जास्त बोलते: अमेरिकी नौदलातल्या कॉम्प्युटर-तज्ज्ञ ग्रेस हॉपरचं १९८२ चं व्याख्यान, अ‍ॅक्टनचं सीपीपीकॉन या सी प्लस प्लस भाषेच्या २०१४ च्या परिषदेतलं डेटा-ओरिएंटेड डिझाइनवालं (म्हणजे आधी डेटाची मांडणी, मग कोड) आणि एमरी बर्गरचं २०१९ च्या स्ट्रेंज लूप परिषदेतलं परफॉर्मन्सवरचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या वेगावरचं. माऊसवाल्या डग्लस एंगेलबार्टचा १९६८ चा डेमो वेगळ्याच पंक्तीत बसतो, त्याच्याकडे नंतर येते.

हॉपरबाईंपासून सुरू करू, कारण तिथे भांडण सगळ्यात कमी. हे व्याख्यान त्यांनी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेत दिलं होतं, वय पंचाहत्तरच्या आसपास, आणि ते लोकांसमोर आलं थेट २०२४ मध्ये. टेप होती, पण ती एक इंची अ‍ॅम्पेक्स टेप वाजवायला मशीनच नव्हतं, शेवटी तिकडच्या नॅशनल आर्काइव्ह्जनी मदत केली. ही गोष्ट आधी सांगून टॉक लावलं की लोक आपोआप सावरून बसतात, कारण कॉम्प्युटरचा इतिहास कॉम्प्युटरवाल्यांनाच वाजवता येत नव्हता यात एक गंमत आहेच. बाई बोलतात मात्र आजीसारख्या, म्हणजे त्या आजीसारख्या जी तुम्हाला हसवता हसवता दोन टपल्या मारून जाते. एका बैलाला ओंडका ओढवेना म्हणून कुणी अजून मोठा बैल वाढवत बसलं नाही, दोन बैल जुंपले, हा त्यांचा लाडका दाखला. मोठ्या मशीनच्या मागे न लागता अनेक मशीन जोडा, एवढंच सांगायचंय, पण बैल लक्षात राहतो.

आणि ती तार. बाई व्याख्यानांमध्ये तारेचे तुकडे वाटायच्या, प्रत्येक तुकडा ११.८ इंच, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर, एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त तेवढंच अंतर जाऊ शकतो म्हणून. उपग्रहावरून निरोप यायला एवढा वेळ का लागतो असं अ‍ॅडमिरल लोक विचारायचे, तर इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील बघा, हे त्यांचं उत्तर. मायक्रोसेकंद दाखवायला मग ९८४ फुटांचं भेंडोळं. या भागाची छोटी क्लिपही सुटी बघायला मिळते, तेवढी दाखवली तरी चालतं. मी दर वेळी बघते, क्लिप संपली की निदान एकजण तरी नकळत दोन हात पसरून अंतर मोजतो. दुसऱ्या कुठल्या टॉकला हे झालेलं मी पाहिलं नाही.

एकदा मी जुनी लॅन केबल सोलून आतली तार ३० सेंटीमीटर कापून टेबलावर ठेवली होती. लगेच एकाने आक्षेप घेतला, तांब्यात सिग्नल प्रकाशाच्या वेगाने जातच नाही, साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे तुझी तार २० सेंटीमीटरच हवी. बरोबर होतं त्याचं. पण बघा, तारेवरून वाद घालायला लागला म्हणजे नॅनोसेकंद त्याच्या हातात आला की. उणीव एकच, टॉक बघून आनंद होतो पण कोडमध्ये काय बदलायचं ते कळत नाही. सगळे खूश होऊन उठतात आणि पुन्हा होतं तेच काम सुरू. ज्यांना आवडत नाही त्यांची तक्रारही हीच, "छान आहे, पण पुढे काय?"

हे पुढचं अ‍ॅक्टनकडे आहे. तो तेव्हा इन्सोम्नियाक गेम्समध्ये इंजिन डायरेक्टर होता, आणि गेमवाल्यांचं गणित सरळ असतं, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलीसेकंद, त्यात बसलं तर बसलं नाहीतर खेळणाऱ्याला झटका दिसतो. हा माणूस सी प्लस प्लसच्या परिषदेत उभा राहून सी प्लस प्लसवाल्यांना सांगतो की तुम्ही जगाचं चित्र क्लासमध्ये (कोडमधल्या वस्तूंच्या साच्यांत) उतरवत बसता ते खोटं आहे, तुमचं काम डेटा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणं, आणि ज्या हार्डवेअरवर ते चालतं ते हार्डवेअर हाच प्लॅटफॉर्म. सूर शिकवणीचा अजिबात नाही, झाडाझडतीचा आहे.

बघणारे इथे सरळ फुटतात. गेम आणि एम्बेडेडवाले (यंत्रांच्या आत बसणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणारे) माना डोलवतात, हेच तर आम्ही कधीपासून बोंबलतोय. कॉलेजात प्राणी-कुत्रा-मांजर करत वारसा (एका क्लासमधून दुसरा काढणं) शिकलेल्यांना हा वैयक्तिक अपमान वाटतो (मलाही पहिल्यांदा वाटला होता, खोटं कशाला बोलू). आणि वेबवाले म्हणतात, आमचा सर्व्हर तर डेटाबेसची वाट बघत बसलेला असतो, आम्हाला कॅशचं (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचं) काय सांगता? हा शेवटचा आक्षेप मला निम्मा पटतो. पण त्यातले अर्धे लोक डेटाबेसची वाट बघतोय हे मोजून सांगत नाहीत, ऐकून सांगतात.

त्याचा मुद्दा मी जवळून दाखवते, कारण स्लाइडवर तो पटकन निसटतो. मेमरीतून डेटा सुटा येत नाही, ६४ बाइटच्या लाइनमध्ये येतो. आता एक मोठा ऑब्जेक्ट घ्या, त्यात नाव, रंग, जागा, दहा गोष्टी, आणि तुमचा लूप त्यातला फक्त एक हो-नाही वाला फ्लॅग तपासतोय. एका फ्लॅगसाठी ६४ बाइट आले, म्हणजे एका माणसासाठी अख्खी बस आली, आणि पुढच्या ऑब्जेक्टला परत दुसरी बस. ती लाइन कॅशमध्ये नसेल तर मेन मेमरीपर्यंत जाऊन यायला प्रोसेसरचे साधारण २०० ठोके (सायकल) जातात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे झाले ६०-७० नॅनोसेकंद. आता हॉपरबाईंची तार आठवा, असे ६०-७० तुकडे एकापुढे एक मांडा, जवळपास २० मीटर होतात. एका फ्लॅगसाठी २० मीटर! पुढच्या बॅचला मी हे टेबलापासून दारापर्यंत आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये चालत जाऊन दाखवलं, मग अ‍ॅक्टन लावला, तर कुणी फोन काढला नाही. म्हणून माझं ठाम मत झालंय की अ‍ॅक्टन आधी लावूच नये, तारेनंतर लावावा.

शेवटची प्रश्नोत्तरं मात्र कापू नका. बरेच लोक टॉक संपलं समजून उठतात, पण प्रश्न विचारणारे तिथे मनापासून वैतागलेले आहेत आणि त्यात आपल्या मनातले निम्मे आक्षेप येऊन जातात. त्याचं प्रत्येक उत्तर मला पटतं असं नाही, वाचायला सोपा कोड हीसुद्धा किंमत असलेली गोष्ट आहे आणि ती तो फार स्वस्तात उडवून लावतो. पण कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) बघून घेईल या आशेला तो जे उत्तर देतो, की तुमचा डेटा मेमरीत कसा मांडलाय ते कंपायलर बदलून देणार नाही, त्यावर मला अजून कुणाकडून धड प्रतिवाद ऐकायला मिळालेला नाही.

बर्गरचं टॉक या दोघांपेक्षा लहान, पाऊण तासाच्या आत, माणूस विनोदी, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला प्राध्यापक, आणि पहिली दहा मिनिटं तर वाटतं की मजा चाललीय. मग हळूहळू खोलीतला आवाज बंद होतो. कारण तो सांगतो की तुम्ही कोड बदलला, मोजलं, आणि फास्ट झाला म्हणालात, तो फास्ट झाला तुमच्या बदलामुळे की मेमरीतली मांडणी योगायोगाने सरकली म्हणून, हे तुम्हाला माहीतच नाही. कोडच्या फाइली एकत्र जोडायचा (लिंक करायचा) क्रम बदलला तरी आकडे हलतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (सिस्टिम प्रोग्रॅमला देते ती माहिती, त्यात युजरनेमही येतं) लांब झाले तरी हलतात, कारण ते स्टॅकच्या (चालू फंक्शन्सच्या मेमरीच्या) आधी जाऊन बसतात आणि सगळा स्टॅक सरकवतात. म्हणजे तुमचं युजरनेम लांब असेल तर तुमचा प्रोग्रॅम वेगळ्या वेगाने पळू शकतो.

हसू येतं ना? मलाही आलं होतं. आणि मग आठवलं की काही महिन्यांपूर्वी मी एक सुधारणा ४ टक्क्यांनी फास्ट म्हणून मिरवली होती, आणि बाजूच्या मैत्रिणीने तोच कोड, तसंच मशीन, फक्त तिच्या लॉगिनवर चालवला तर तिच्याकडे उलट किंचित स्लो आला. आम्ही दोघींनी मिळून मशीन गरम झालं असेल म्हणून सोडून दिलं होतं. टॉक बघताना आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही, एवढंच सांगते.

बर्गर मग स्टॅबिलायझर नावाचं त्यांच्या ग्रुपचं टूल दाखवतो, जे प्रोग्रॅम चालू असतानाच कोड, स्टॅक, हीप यांची मेमरीतली मांडणी परत परत पिसत राहतं, पत्त्यांसारखी, म्हणजे नशिबाचा भाग सरासरीत विरतो आणि उरतो तो खरा फरक. त्याने तपासल्यावर क्लँग या कंपायलरच्या ओ-टू आणि ओ-थ्री या कोड फास्ट करायच्या दोन पातळ्यांमधला फरक गोंगाटातून वेगळा काढता आला नाही, या ठिकाणी प्रत्येक वेळी कुणीतरी "काय??" म्हणतंच. दुसरं टूल कोझ. एखादी ओळ फास्ट केली तर एकूण किती फायदा होईल हे ती ओळ न बदलता कसं सांगणार, तर ती ओळ चालू असताना बाकी सगळ्यांना थोडं थांबवायचं, की सापेक्ष हिशेबाने तीच फास्ट झाल्यासारखी. पहिल्यांदा ऐकलं की चलाखी वाटते, दुसऱ्यांदा ऐकलं की पटते. त्यातून एसक्यूलाइट हा डेटाबेस २५ टक्के फास्ट झाला, आणि कारण काय तर छोट्या छोट्या फंक्शन्सना पॉइंटरमार्फत (आधी मेमरीतला पत्ता बघून) हाका मारल्या जात होत्या, त्या थेट केल्या. नेहमीच्या प्रोफायलरमध्ये (कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या टूलमध्ये) ही फंक्शन्स नजरेतही भरत नाहीत.

इथे टाळ्या नाहीत, राग नाही, एक ओशाळी शांतता असते, आणि मग कुणीतरी विचारतं, "मग आपले मागच्या वर्षीचे आकडे...?" तुमच्या टीममध्ये मोजायची सवयच नसेल तर हे टॉक वाया जाईल, उलट लोकांना निमित्त मिळेल की मोजून काही कळत नाही म्हणे. मोजणाऱ्यांच्या टीमला मात्र हेच पहिलं दाखवा, अ‍ॅक्टनच्याही आधी, वर मी जे तारेनंतर वगैरे म्हटलं ते त्यांना लागू नाही.

आता एंगेलबार्ट. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को, ९० मिनिटं, समोर हजाराच्या आसपास लोक आणि शेवटी सगळे उभे राहून टाळ्या. आजचा माणूस बघतो तर पंधरा मिनिटांत जांभई. कारण तो काय करतोय, सामानाची यादी टाइप करतोय, ओळी वरखाली करतोय, शब्दावर क्लिक करून दुसरीकडे जातोय, सहकाऱ्याचा चेहरा स्क्रीनवर आणून त्याच्याशी बोलतोय. रोजचंच. जांभईचं कारण हेच की तो पूर्ण जिंकला. पूर्ण ९० मिनिटं कुणालाही बसवू नका, माऊसचा भाग (याला माऊस का म्हणतात ते सांगता येत नाही, अशी माफीही तो मागतो) आणि व्हिडिओवरून एकत्र काम करायचा भाग एवढे तुकडे पुरतात.

इतिहासच हवा असेल पण जुनं काळं-पांढरं सोसवत नसेल तर ब्रेट व्हिक्टरचं २०१३ चं, अर्ध्या तासाचं टॉक बघा. तो १९७३ सालचा इंजिनियर बनून येतो, ओव्हरहेड प्रोजेक्टर, पारदर्शक शीट, सगळं नाटक. पाच मिनिटं लोकांना कळतच नाही की हा गंमत करतोय का, आणि कळलं की मग टोचतं.

केसी मुराटोरीचं २०२५ चं ऑब्जेक्ट-ओरिएंटेड (म्हणजे त्या क्लास-वारसावाल्या) पद्धतीच्या ३५ वर्षांच्या चुकीवरचं टॉक इतिहास आणि परफॉर्मन्स दोन्ही एकत्र आणतं, १९६३ च्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्रॅमपर्यंत मागे जातं, पण दोन तासांच्या वर आहे आणि ज्याला अ‍ॅक्टनने चिडवलं त्याला हे नक्कीच चिडवणार. एकट्याने बघायचं टॉक आहे ते. आणि वेळच नसेल तर ब्रेंडन ग्रेगचा २००८ चा तो सर्व्हरच्या डिस्कवर ओरडायचा व्हिडिओ, दोनेक मिनिटांचा. तो ओरडतो, डिस्क थरथरतात, स्क्रीनवर लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) उंच उडते. सगळे खोखो हसतात आणि मग आपला सर्व्हर कशाच्या शेजारी ठेवलाय ते आठवायला लागतात.

वेगाचं एक सांगायचं राहिलं, कारण हल्ली सगळे दीडपट स्पीडवरच बघतात. बर्गर दीडपटीत चालतो. अ‍ॅक्टन आधीच फास्ट बोलतो, नका वाढवू. हॉपरबाईंचे विनोद थांबण्यावर उभे आहेत, तिथे तर हात लावू नका. आणि एंगेलबार्टचे तुकडे नेमके आहे त्या वेगात बघा, मध्ये मध्ये तो जरासा अडतो ना, तेव्हा स्टेजवर काही मशीन नाहीये हे लक्षात असू द्या, त्याचा कॉम्प्युटर ४८ किलोमीटर लांब मेन्लो पार्कमध्ये आहे.