झेडडीप्लासकिन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी ओझोन यंत्रे तयार होतात (ती हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये बारीक विद्युत ठिणग्या पाडून ओझोन बनवतात), आणि पावसाळा लागला की हवेवर चालणाऱ्या यंत्रांचे उत्पादन हमखास घसरते. यामागचे रसायन समजून घ्यावे म्हणून गेले आठ महिने मी झेडडीप्लासकिन (ZDPlasKin) ही अशा ठिणग्यांमधील अभिक्रियांचे गणित करणारी विनामूल्य संगणक प्रणाली वापरत आहे. फ्रान्समधील तुलूज विद्यापीठात ती २००८ साली तयार झाली. अभिक्रियांची यादी साध्या फाइलीत लिहून दिली की तिचे फोरट्रान या संगणकीय भाषेत रूपांतर होते. ठिणगीतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे वितरण बोल्सिग प्लस हा प्रोग्राम काढून देतो. त्याला लागणारे क्रॉस सेक्शनचे (इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंवर आदळण्याची शक्यता सांगणारे) आकडे मी एलएक्सकॅट या ऑनलाइन संग्रहावरून घेतले.

गणिताला माझ्या जुन्या लॅपटॉपवरही फारसा वेळ लागत नाही; वेळ जातो तो आकडे तपासण्यात. ऑक्सिजनचा अणू, ऑक्सिजनचा रेणू आणि तिसरा एखादा कण एकत्र येऊन ओझोन तयार होतो. या अभिक्रियेचा वेगांक (ती किती वेगाने घडते हे सांगणारा आकडा) मी मीटरमधून सेंटिमीटरमध्ये आणताना १० च्या १२ व्या घाताऐवजी, दोन कणांच्या अभिक्रियेच्या सवयीने, ६ व्या घाताने गुणला. प्रणालीने चकार शब्द काढला नाही, कारण एकके तपासणे हे तिचे कामच नव्हे. वातावरणीय दाबाच्या हवेत सुमारे १४ मायक्रोसेकंदांत संपायला हवे होते ते ऑक्सिजनचे अणू आलेखावर कित्येक सेकंद रेंगाळताना दिसले, तेव्हा चूक ध्यानात आली. त्यात माझा एक आठवडा गेला. आता प्रत्येक वेगांकाशेजारी मी त्याचे मूळ एकक लिहून ठेवतो.

हवेत बाष्प घातल्यावर हायड्रॉक्सिल मूलके (पाण्याचे रेणू तुटून बनणारे, चटकन अभिक्रिया करणारे OH कण) वाढून ओझोन कमी होतो, हे प्रणाली नीट दाखवते. प्रत्यक्षातील घट मात्र तिच्या उत्तरापेक्षा मोठी निघाली. ही प्रणाली शून्यमितीय आहे, म्हणजे सगळा वायू एकजिनसी धरते. यंत्रात इलेक्ट्रोडच्या मध्ये असलेल्या काचेवर ओल धरल्याने पृष्ठभागाची विद्युतवाहकता वाढते आणि बारीक ठिणग्यांची ठेवण बदलते, हे तिला दिसणारच नाही. त्यामुळे इलेक्ट्रोडमधील अंतर किंवा काचेची जाडी ठरवायची असेल, तर हिच्या नादी लागू नये. हवा किती कोरडी हवी, याचा अंदाज घेण्यापुरती मात्र मी ती वापरतो, आणि यंदा जूनपूर्वीच ड्रायरमधील सिलिका जेल बदलून घेतले आहे.