लिलावाची यादी की पेपरातली जाहिरात? जुन्या अमेरिकन गावाचा व्यवहार शोधताना आधी काय उघडावं

पेनसिल्व्हेनियात जुनं दगडी घर घेतलंय, भिंतीत १७९१ कोरलेला दगड आहे, आणि आता हे घर कोणी, कोणाला, कितीला विकलं ते शोधायचंय. किंवा त्या काळावर प्रबंध, कादंबरी, भाषांतर असं काही चाललंय आणि गावातल्या माणसांच्या घरात खरोखर काय-काय होतं ते हवंय. दोन्हीकडे शोध दोनच ठिकाणी सुरू होतो. एक म्हणजे गावच्या साप्ताहिकातल्या जाहिराती. दुसरं म्हणजे मयताच्या जंगम मालाचा लिलाव झाला, त्याची हाताने लिहिलेली यादी. वेळ थोडा असेल तर आधी कुठलं उघडायचं, एवढाच इथला प्रश्न. काळ साधारण १७८० ते १८३०.

आमचं मत आधीच सांगतो. घरातल्या वस्तू आणि त्यांचे भाव हवे असतील तर यादी. जमीन आणि घर हवं असेल तर जाहिरात, कारण या यादीत जमीन सहसा नसतेच. तिचा लिलाव आणि तिचे कागद वेगळे. मात्र जमिनीच्या बाबतीत जाहिरातीवर थांबलात तर फसाल. ते पुढे येईल.

शोधताना पहिली ठेच शब्दाला लागते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया या भागांत लिलावाला ‘ऑक्शन’पेक्षा ‘व्हेंड्यू’ म्हणायची पद्धत होती, ‘पब्लिक व्हेंड्यू’. नुसतं ‘ऑक्शन’ शोधलं तर गावाकडचे बरेचसे लिलाव हातचे सुटतात. दुसरी ठेच जुन्या टायपाची. १८०० च्या आसपासपर्यंत छापखान्यात लांबुळका ‘एस’ वापरत. तो ‘एफ’सारखा दिसतो आणि संगणक त्याला ‘एफ’च वाचतो. त्यामुळे ‘सेल’चं ‘फेल’ होतं आणि ‘हाउस’चं ‘हाउफ’. चुकीचं स्पेलिंग मुद्दाम टाकून शोधा, सापडतं.

जाहिरात: ती कशी बनायची, म्हणून कशी वाचायची

गावचं साप्ताहिक म्हणजे एक मोठा कागद मधोमध दुमडून केलेली चार पानं. हाताच्या दाबयंत्रावर दोन माणसं तासाला दोनशे ते अडीचशे कागद छापत, तेही एकाच बाजूने. टाईप महाग आणि मोजका. म्हणून एकदा जुळवलेली जाहिरात मोडायची नाही, तशीच उभी ठेवून पुढच्या अंकात पुन्हा लावायची. दरही त्याच हिशेबाचा. रकान्याची जेवढी रुंदी साधारण तेवढ्याच उंचीचा मजकूर म्हणजे एक ‘स्क्वेअर’. तीन वेळा छापायला एक डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वेळेला पंचवीस सेंट, असा दर पेपरच्या डोक्यावर किंवा तळाशी सर्रास छापलेला दिसतो. रोख क्वचितच मिळे. लाकूडफाटा, धान्य, लोणी आणि कागद बनवायला लागणाऱ्या चिंध्या, सगळं चाले.

याचा परिणाम थेट तुमच्या टिपणवहीवर होतो. अंकाची तारीख ही जाहिरातीची तारीख नव्हे. जाहिरातीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात स्वतंत्र तारीख असते, ती धरा. शेवटी ‘३ डब्ल्यू’ असेल तर तीन आठवडे; ‘टी एफ’ असेल तर ‘थांबवा म्हणेपर्यंत’. हे अक्षर दिसलं की सावध व्हा, कारण असली जाहिरात सौदा होऊन गेल्यावरही महिनोन्‌महिने छापून येते. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना. आणि ‘सबस्क्रायबर’ म्हणजे पेपरचा वर्गणीदार नव्हे, तर ‘खाली सही करणारा’. ही चूक चांगल्या-चांगल्या भाषांतरांतही दिसते. ‘प्लँटेशन’ शब्दाने दक्षिणेतले कापसाचे मळे डोळ्यांसमोर आणू नका. पेनसिल्व्हेनियात त्याचा अर्थ बहुधा साधं शेत.

जमिनीच्या जाहिरातीत काय सांगायचं याचा साचा फार जुना आहे. ‘बॉस्टन न्यूज-लेटर’ १७०४ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि मे महिन्यातच त्यात लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बे इथली मालमत्ता भाड्याने किंवा विकत देण्याची जाहिरात आली. लोकरी कापड घट्ट करण्याची पाणगिरणी, विटांचं मोठं नवं घर, स्वयंपाकाला आणि कामाला वेगळं घर, धान्याचं कोठार, तबेला, नवी फळबाग आणि वीस एकर साफ केलेली जमीन. चौकशी न्यूयॉर्कचे छापखानदार विल्यम ब्रॅडफर्ड यांच्याकडे. किंमत नाही. शंभर वर्षांनंतरच्या गावच्या पेपरातही हेच दिसतं: पाणी, गिरणी, बाग, आणि किती एकरांवरची झाडी तोडून झाली आहे. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण जंगल साफ करणं ही वर्षानुवर्षांची मेहनत आणि खरी किंमत तीच.

दुकानाच्या जाहिरातींचं थोडक्यात. ‘नुकताच फिलाडेल्फियाहून आलेला माल’ आणि खाली लांबलचक यादी: कापडं, चहा, साखर, खिळे, भांडी. शेवटी ‘रोख किंवा गावच्या मालाच्या बदल्यात’. गावचा माल म्हणजे लोणी, मेण, चरबी, जवस, धान्य. भाव नसतोच, कारण भाव एक नव्हताच. रोख देणाऱ्याला वेगळा, उधारीला वेगळा, लोण्याच्या बदल्यात वेगळा. तेव्हा दुकानाच्या जाहिरातीवरून महागाई मोजायला जाऊ नका. त्यासाठी दुकानदाराची रोजकीर्द लागते. काय माल मिळत होता एवढंच जाहिरात सांगते, आणि तेही पुष्कळदा मागच्या वर्षीच्या उभ्या टायपातून.

यादी: एका ओळीत तीन गोष्टी

माणूस वारला की क्रम असा. कोर्टाकडून कारभारी नेमला जाई. दोन-तीन शेजारी घरात फिरून प्रत्येक वस्तूची अंदाजी किंमत लिहीत. ही झाली मोजदाद. मग पेपरात जाहिरात, आणि त्याचबरोबर गिरणी, खानावळ, लोहाराचं दुकान अशा ठिकाणी चिकटवलेली पत्रकं. मग अंगणात लिलाव. एकजण ओरडून बोली पुकारणारा, दुसरा लिहून घेणारा. शेवटी कारभाऱ्याचा हिशेब कोर्टात.

लिहून घेणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक ओळीत वस्तू, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम. या तीन रकान्यांतून जे कळतं ते जाहिरातींच्या ढिगातून कळत नाही. ‘बेड’ लिहिलं असेल आणि आकडा मोठा दिसला तर लेखनिक चुकला असं समजू नका. ‘बेड’ म्हणजे पलंग नव्हे, पिसांनी भरलेली गादी. पलंगाच्या चौकटीला ‘बेडस्टेड’. पिसं साठवायला वर्षं लागत, म्हणून गादी घरातल्या महाग वस्तूंत मोडे. आठ दिवसांनी चावी द्यायचं उभं घड्याळ आणि दहा पत्र्यांची बिडाची शेगडी याच पंगतीतल्या. ‘क्रेडल’ शेतीच्या अवजारांमध्ये आलं असेल तर तो धान्य कापायचा दांडे लावलेला मोठा कोयता. स्वयंपाकघराच्या सामानात आलं तर पाळणा.

घेणाऱ्यांच्या नावांत विधवेचं नाव दिसेल. स्वतःच्याच घरातली किटली, चरखा, गाय ती बोली लावून परत घेते आहे. काही वस्तू तिने मोजदादीच्या किमतीला आधीच वेगळ्या काढलेल्या असतात आणि मग त्या या यादीत येत नाहीत. म्हणून यादीवरून ‘घरात टेबल नव्हतं’ असा निष्कर्ष काढायच्या आधी मोजदाद शेजारी ठेवा.

रक्कमही सरळ घेऊ नका. ठरावीक रकमेखालची खरेदी रोख, त्यावरची काही महिन्यांच्या उधारीवर आणि हमीदार देऊन, अशा अटी लिलावाआधी वाचून दाखवत. उधारीवर बोली चढते. शिवाय दारू. गर्दी खूश राहावी म्हणून पाजलेल्या व्हिस्कीचा किंवा रमचा खर्च कारभाऱ्याच्या हिशेबात राजरोस लिहिलेला सापडतो.

याच हिशेबात पुकारणाऱ्याची मजुरी, लिहिणाऱ्याची मजुरी आणि छापखानदाराला दिलेले पैसे असतात. ही ओळ सोडू नका. छापखानदाराचं नाव कळलं की कुठल्या पेपरात जाहिरात शोधायची ते कळतं. उलट दिशेने जायचं, म्हणजे जाहिरातीवरून यादी गाठायची, तर कारभाऱ्याचं आणि मयताचं नाव पुरतं.

पैशांचा घोळ दोन्ही साधनांत आहे, यादीत जास्त. डॉलर आल्यावरही गावकरी बराच काळ पौंड-शिलिंग-पेन्समध्ये लिहीत, आणि हा पौंड इंग्लंडचा नव्हे. पेनसिल्व्हेनियात डॉलर म्हणजे ७ शिलिंग ६ पेन्स, न्यूयॉर्कात ८ शिलिंग, न्यू इंग्लंडमध्ये ६. म्हणजे एक पौंड अनुक्रमे २.६७, २.५० आणि ३.३३ डॉलर. आणे-पैचे हिशेब पाहिलेल्यांना वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग जड जाणार नाही. पण कुठल्या वसाहतीचा पौंड ते न पाहता दोन गावांचे भाव शेजारी ठेवले तर सगळा तक्ता वाया जातो.

माणसंही विकली जात, आणि ती दोन्हीकडे दिसतात

दक्षिणेतच नव्हे, उत्तरेतही. मोजदादीत गुलाम माणसाचं नाव गाईबैलांच्या ओळीत आणि समोर किंमत. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने त्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्यांना वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत राबावं लागे, म्हणून ‘उरलेली मुदत’ विकल्याच्या नोंदीही येतात. जाहिरातीत विकणारा बहुतेक वेळा स्वतःला लपवतो: ‘छापखानदाराकडे चौकशी करावी’. त्यामुळे या माणसांचा माग काढायचा तर यादी आणि मोजदाद जास्त उपयोगी. तिथे निदान नाव असतं, आणि कोणाच्या घरातून कोणाकडे गेलं तेही.

जमिनीचा आकडा का फसवतो

अमेरिकेत जमीन इतक्या सहज लिलावात का यायची, याचं एक मूळ १७३२ च्या ब्रिटिश कायद्यात आहे. वसाहतींमधली जमीन कर्जापायी जंगम मालासारखी विकता येईल, असं त्यात ठरलं. पेनसिल्व्हेनियात त्याआधीपासून एक अडसर होता: सात वर्षांच्या उत्पन्नातून कर्ज फिटणार असेल तर जमीन विकायची नाही, धनकोच्या ताब्यात द्यायची. शेरिफच्या, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लिलावाच्या जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवा. विक्रीपर्यंत आलेली जमीन म्हणजे बहुधा हा टप्पा ओलांडलेलं कर्ज.

लिलावात पुकारलेली किंमत बाजारभाव समजू नका. घेणारा पुष्कळदा भाऊ किंवा मुलगा असतो, किंवा आपलंच येणं वसूल करणारा धनको. जमिनीवर गहाणाचा बोजा किंवा विधवेचा एक तृतीयांश हक्क असेल तर बोली तेवढी खाली येते. आकडा निम्मा दिसतो, जमीन निम्म्या भावाची नसते. आणि बोली लागली म्हणजे पैसे आले असंही नाही. इंडियानापोलिसचं नवं गाव आखून १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये ३१४ भूखंड लिलावात गेले. एकूण बोली ३५,५९६.२५ डॉलर. हातात पडला त्याचा पाचवा भाग, ७,११९.२५, बाकी चार वार्षिक हप्त्यांनी. पुढे निम्म्याहून जास्त भूखंड जप्त झाले किंवा त्यांचा भरणा दुसऱ्या भूखंडांकडे वळवला गेला. पहिला आकडा घेऊन लिहिलेला इतिहास आणि दुसरा घेऊन लिहिलेला इतिहास यांत किती फरक पडेल बघा.

ओहायोकडच्या सरकारी जमिनीत ही अडचण वेगळी. १८०० च्या कायद्याने किमान दर एकरी २ डॉलर, हप्त्यांवर. १८२० पासून १.२५ डॉलर, पण रोख आणि किमान ८० एकर. लिलावात न गेलेली जमीन नंतर त्याच किमान दराने कार्यालयात सरळ मिळे. त्यामुळे नेमका किमान दर दिसला तर तिथे चढाओढ झालीच नाही असं धरा.

क्षेत्रफळ तपासा. जुने आकडे एकर आणि पर्चमध्ये असतात. १६० पर्चचा एकर, म्हणजे आपल्या एका गुंठ्यात ४ पर्च. पेनसिल्व्हेनियात ‘अलाउन्ससह’ लिहिलं असेल तर रस्त्यांसाठी सहा टक्के वर धरलेले आहेत. १०० एकरांच्या कागदाची जागेवर मोजणी १०६ भरते.

कुठे मिळतं, किती वेळ जातो

जाहिराती घरबसल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ फुकट आहे आणि शब्द टाकून शोधता येतं. याद्या आणि मोजदादी ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून पाहता येतात, पण काही प्रतिमा फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा जोडलेल्या ग्रंथालयांत खुल्या होतात. शिवाय हस्ताक्षर, तेही कधी जर्मन. गावच्या कोर्टात जायचं झालं तर पेनसिल्व्हेनियात मृत्युपत्रांच्या नोंदणी कार्यालयात याद्या आणि खरेदीखतांच्या नोंदणी कार्यालयात जमीन. मालकांची साखळी मध्येच तुटली तर घाबरू नका. शेरिफने करून दिलेली खरेदीखतं तिथे कोर्टाच्या प्रोथोनोटरीकडच्या, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या मुख्य लेखनिकाकडच्या, वेगळ्या वहीत नोंदलेली असतात, आणि नेमकी तीच कडी तिथे सापडते.

घर १७९८ च्या आधीचं असेल आणि जाहिरातीत नुसतंच ‘प्रशस्त दगडी घर’ म्हटलं असेल, तर त्या वर्षीच्या केंद्रीय थेट कराची यादी काढा. पेनसिल्व्हेनियाच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. घर किती फूट लांब-रुंद, किती मजली, दगडाचं की ओंडक्यांचं आणि पुष्कळ ठिकाणी खिडक्या किती, हे तिथे लिहिलेलं असतं.