रिंग-चौकटीशिवाय मोठे क्रॉस स्टिच: गुंडाळी, घडी की मोकळे कापड?

तीनशे बाय चारशे टाक्यांचा क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्यांचा, नमुना १४ काउंटच्या आयडावर (ठरलेल्या छिद्रांच्या भरतकामाच्या कापडावर) भरायला घेतला, तर दर इंचाला १४ चौकोन या हिशेबाने नुसते चित्रच सुमारे २१.५ बाय २८.५ इंचांचे होते. चारही बाजूंना तीन-तीन इंच कापड सोडले की एकूण तुकडा जवळजवळ २७.५ बाय ३४.५ इंचांचा भरतो. तोच नमुना १८ काउंटवर घेतला तरी चित्र १६.५ बाय २२ इंचांच्या आसपास राहते, म्हणजे मांडीवर कापडाचा पसारा होणे टळत नाही. रिंग (कापड ताणून धरणारी गोल चौकट) न वापरता हातातच भरायचे ठरवणाऱ्याला आधी ताणाची काळजी वाटते, पण माझ्या मते खरी अडचण उरलेल्या कापडाची असते: ते कुठे ठेवायचे, मळू कसे द्यायचे नाही आणि त्याच्या वजनाने टाका ओढला जाणार नाही हे कसे पाहायचे.

मुळात रिंग सोडावी का, याचे उत्तर बरेचसे कापडावर अवलंबून आहे. आयडा खळीमुळे ताठ असतो आणि त्याची छिद्रे ठरलेली असतात, त्यामुळे तो हातात धरूनही फुल्या एकसारख्या येतात; शिवाय सुई एकाच हालचालीत खाली घालून लगेच वर काढता येते, जे ताणलेल्या कापडावर सहज जमत नाही, आणि कामाचा वेग वाढतो. मऊ लिनन किंवा २८ काउंटचे सैल विणीचे कापड असेल, तर मात्र दोरा किंचित जास्त ओढला गेला तरी धागे सरकून छिद्रे मोठी दिसतात. अशा कापडावर, विशेषतः नमुन्यात लांबलचक बॅकस्टिच (सलग रेघेसारखे दिसणारे टाके) असेल तर, मी रिंगच वापरेन. आयडाही महिनोन्‌महिने हाताळल्यावर मऊ पडतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तो धुऊन खळ घालवू नये.

आता उरलेल्या कापडाचे पर्याय. मोठे टेबल असेल तर कापड मोकळे पसरून ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यात चुरगळा पडत नाही आणि साधनही लागत नाही. मात्र काठ टेबलाखाली लोंबू लागला की त्याचे सगळे वजन तुमच्या डाव्या हाताच्या बोटांवर येते, आणि मनगट दुखू लागल्यावर दोष टाक्यांना दिला जातो.

घडी झटपट होते. पंख्यासारख्या चुण्या घालून दोन चिमटे लावले की बसता येते, आणि अर्ध्या तासाच्या बैठकीसाठी ते पुरेही आहे. पण घडीची जागा रोज तीच राहिली, तर तिथे कायमची रेघ उमटते आणि नेमक्या त्या रेघेवर मळ साचतो. इस्त्री करण्यापूर्वी कापड धुतले नाही, तर उष्णतेने तो डाग आणखी पक्का होतो. घडीचा दुसरा धोका मी स्वतः भोगला आहे: खालचा पदर सुईत अडकून दोन्ही थर एकत्र शिवले गेले होते, आणि ते लक्षात आले तेव्हा दोन ओळी उसवाव्या लागल्या.

मोठ्या कामासाठी माझे मत गुंडाळीच्या बाजूने आहे, पण ती कुठल्या बाजूने वळवायची हा बारकावा कुणी सांगत नाही. उजवी, म्हणजे भरतकाम दिसणारी, बाजू आत ठेवून गुंडाळले, तर भरलेला भाग स्वच्छ राहतो, मात्र गुंडाळी कापडाच्या वर येऊन हाताला आडवी येते. उजवी बाजू बाहेर ठेवली, तर गुंडाळी खाली जाते आणि हात सपाट टेकतो, पण झालेले टाके मांडीवर घासत राहतात. मी दुसरा प्रकार निवडते आणि मांडीवर जुनी स्वच्छ उशीची खोळ पसरते. गुंडाळी रुंद प्लास्टिकच्या चिमट्यांनी धरावी आणि बैठक संपताच ते काढून ठेवावेत. धातूचे चिमटे गंजाचा डाग पाडू शकतात, आणि कापडात खोचून ठेवलेल्या सुईबद्दलही तेच म्हणता येईल.

गुंडाळीचा उपयोग कामाच्या क्रमावर ठरतो. मध्यापासून सुरुवात केली, तर चारही बाजूंनी गुंडाळ्या कराव्या लागतात आणि हातात बोचके तयार होते. उजव्या हाताने भरणाऱ्याने वरच्या डाव्या कोपऱ्यातून आरंभ केला, तर पूर्ण झालेला भाग वर-डावीकडे जात राहतो आणि तळहात त्यावर घासत नाही. डावखुऱ्याने वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करावे. यासाठी दहा-दहा टाक्यांच्या चौकटी आखून घेणे जवळजवळ अनिवार्य आहे, कारण कोपऱ्यातून मोजताना एक घर चुकले तर चूक शेवटपर्यंत सोबत येते. आखणीसाठी साधा सुती दोरा घातल्यास टाके त्याच्यातून जातात आणि शेवटी तो ओढून काढता येत नाही. मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा गुळगुळीत असल्याने सुईला सहसा चुकवतो आणि सहज निघतो. पाण्याने जाणारे मार्कर सोयीचे असतात, पण खुणा धुण्याआधी इस्त्री फिरवली तर त्या कायम राहण्याचा धोका असतो.

कोणताही मार्ग घेतला तरी कडा आधी बंद कराव्यात, नाहीतर हाताळणीने दशा सुटत राहतात. शिलाई यंत्रावर झिगझॅग मारावा किंवा हाताने तिरके टाके घालावेत. चिकटपट्टीचा गोंद मागे राहतो, म्हणून मी ती टाळते. दोन बैठकींमध्ये कापड पुठ्ठ्याच्या जाड नळीवर, मधे मऊ कागद घालून, सैल गुंडाळून ठेवावे.