निकालाआधी तयारी करावी की सीट लागल्यावर? बारावी-सीईटीच्या आईवडिलांसाठी

थोरल्याच्या वेळी, 2023 च्या जूनमध्ये, सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, निकालही लागला नव्हता तेव्हाच आम्ही दोघं पुण्याला जाऊन भाड्याच्या खोलीतली एक कॉट पक्की करून आलो. उत्तरतालिका ताडून त्याने काढलेले मार्क चांगले होते. शेजारच्या मुलाला आदल्या वर्षी तेवढ्याच मार्कांवर पुण्यात सीट लागली होती. एजंट म्हणत होता, जुलैत याल तर जागा मिळायची नाही. दहा हजार डिपॉझिट दिलं, वर एका महिन्याचं आगाऊ भाडं. ऑगस्टमध्ये पोराला सीट लागली सांगलीला. त्या पैशांतला एक रुपयाही परत आला नाही.

म्हणून धाकटीच्या वेळी, 2025 मध्ये, मी कानाला खडा लावला. सीट हातात येईपर्यंत पैशाला, सामानाला, कागदांना हात लावायचा नाही. तो हट्ट आम्हाला डिपॉझिटपेक्षा महाग पडायचा, थोडक्यात वाचलो. दोन्ही रीतींनी संसार करून झालाय, तेव्हा आज ज्यांच्या घरी निकालाची वाट बघणं चाललंय त्यांच्यासाठी दोन्ही बाजू समोरासमोर ठेवते.

आधी हा काळ किती लांब असतो ते बघा. 2025 मध्ये बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला आणि सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटाचा 16 जूनला. मधले सहा आठवडे. त्यानंतर कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या पावसाळाभर चालल्या. म्हणजे निकाल लागला की सगळं कळतं, असं होत नाही. निकालाने फक्त पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे) कळतं, गाव कळत नाही. सीईटी अनेक सत्रांत होते आणि मार्क सत्रागणिक पर्सेंटाइलमध्ये बदलतात, त्यामुळे शेजारच्या मुलाचे 120 आणि आपल्या मुलाचे 120 हे एकच नसतात. त्यात होम युनिव्हर्सिटीचं (आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या मुलांसाठीच्या जागांचं) गणित, प्रवर्ग, शाखा. जूनमध्ये छातीठोकपणे शहर सांगणाऱ्या कुणाचंही ऐकून पैसे मोजू नका.

आम्हाला शेवटी जी कसोटी सापडली ती साधी आहे. जे पोराबरोबर कुठल्याही गावी जाईल ते आत्ता करा. जे एका गावाला बांधलेलं आहे ते सीट फ्रीझ, म्हणजे पक्की, झाल्यावर करा.

कागदपत्रं: इथे थांबणं चुकीचंच

धाकटीचं नॉन-क्रिमीलेअर (राखीव जागेसाठी लागणारा, उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) 31 मार्च 2025 ला संपलं होतं. मला वाटलं, निकाल लागू दे, मग काढू. त्या वर्षीच्या प्रवेशाला दाखला 31 मार्च 2026 पर्यंत वैध लागतो, हे मला जूनमध्ये कळलं, आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळा तालुका उभा असतो. अर्ज केल्याची पावती जोडून फॉर्म भरता आला. पण मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत दिला नाही तर उमेदवार खुल्या वर्गात धरला जातो. शेवटच्या मुदतीला तीन दिवस उरले असताना दाखला मिळाला. ते दोन आठवडे मी विसरणार नाही. पोरीने दोन वर्षं केलेला अभ्यास माझ्या एका 'नंतर बघू'वर लटकला होता.

जात पडताळणीचं तर त्याहून जपून. तो दाखला जिल्हा समितीकडून येतो, वंशावळ आणि जुने पुरावे मागतात, घाई केल्याने काही होत नाही. बारावी सुरू असतानाच कॉलेजमार्फत अर्ज जायला हवा. गेला नसेल तर आज जा. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र वर्षाला बांधलेलं असतं, गेल्या वर्षीचं चालत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइलही आत्ताच काढून ठेवा.

दाखला हातात आल्यावर ओळ ओळ वाचा. थोरल्याच्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि आधारवर नुसतं आद्याक्षर. एवढ्याशा फरकावरून शिष्यवृत्तीचा अर्ज माघारी आला. शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आधार, बँक पासबुक ही चार कागदं टेबलावर शेजारी शेजारी मांडायची आणि बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं. वय 15 झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिलं असेल तर तेही उरका. मुलाच्या स्वतःच्या नावाचं खातं उघडून आधारशी जोडून घ्या, कारण सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे तिथेच येतात.

या सगळ्याला खर्च किरकोळ आणि सीट लातूरला लागो की मुंबईला, कागद तेच. इथे वाट बघण्याचा एकही फायदा मला दिसला नाही.

राहण्याची सोय: इथे घाई महाग

आधी कॉट घेण्याच्या बाजूनेही एक खरी गोष्ट आहे, ती नाकारत नाही. कॉलेजजवळच्या चांगल्या जागा लवकर जातात. थोरल्याला सांगलीत ऑगस्टमध्ये मिळाली ती खोली कॉलेजपासून लांब होती, पहिलं सत्र सायकलवर गेलं. एवढं सोसावं लागू शकतं. पण त्याची तुलना बुडालेल्या डिपॉझिटशी करा. कॅपमध्ये वेळेत प्रवेश रद्द केला तर फी परत मिळायचे नियम आहेत. कॉटच्या डिपॉझिटला, हातात कागद नसेल तर, घरमालकाची मर्जी हाच नियम.

फेऱ्यांची रचनाही समजून घ्या. 2025-26 पासून इंजिनिअरिंगच्या कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर सीट आपोआप फ्रीझ होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलंही मिळालं तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे यादीत सहाव्या नंबरला सहज टाकलेलं गाव हेच पोराचं चार वर्षांचं गाव होऊ शकतं. मुलं यादी करताना कटऑफ बघतात. तिथे राहायचं कसं हे बघायचं काम आपलं आहे.

म्हणून निकालाआधी गावं बघायला जरूर जा, फक्त डिपॉझिटचे पैसे घरी ठेवून जा. धाकटीला घेऊन मे महिन्यात आम्ही तीन शहरं बघितली. दर ठिकाणी कॉलेजच्या फाटकापाशी उभ्या पोरींना विचारलं: पहिल्या वर्षाला होस्टेल मिळतं का, किती जणींना मिळतं, यादी कधी लागते, मेसचं जेवण कसं आहे, संध्याकाळी सातनंतर बस मिळते का. एका ठिकाणी कळलं की मुलींचं होस्टेल कॉलेजच्या आवारात नाही आणि मधला रस्ता अंधाराचा आहे. ते कॉलेज यादीत तिसरं होतं, तिनेच ते नववं केलं. या एका फेरीचा उपयोग आम्हाला कुठल्याही आगाऊ बुकिंगपेक्षा जास्त झाला.

सीट लागल्यावर होस्टेल की कॉट? पहिल्या वर्षी मिळत असेल तर कॉलेजचं होस्टेल घ्या, हे माझं स्पष्ट मत. सरकारी कॉलेजांत ते खिशाला खूप हलकं पडतं, आजारी पडलं तर शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं आणि अभ्यासाला सोबत मिळते. अडचण एवढीच की होस्टेलची यादी प्रवेशानंतर गुणांवर आणि प्रवर्गावर लागते, त्यामुळे आधीचे काही आठवडे सोय स्वतः करावी लागते. तेवढ्यापुरती महिन्याच्या बोलीवर कॉट घ्या, अकरा महिन्यांचा करार करून बसू नका. रॅगिंगची भीती असते, ती आम्हालाही होती. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, यूजीसीचे 2009 चे नियम आहेत आणि 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे. हा नंबर पोरीच्या फोनमध्ये मी स्वतः घालून दिला.

खोली भाड्याने घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बारावी झालेलं पोर पुष्कळदा 17 वर्षांचंच असतं, 18 पूर्ण होईपर्यंत ते करार करू शकत नाही, सही आपल्यालाच करावी लागते. त्या तारखेला आपण तिथे असायला हवं. दुसरं, लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार नोंदवणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कॉटवाले बहुतेक टाळतात. निदान डिपॉझिटची सही केलेली पावती घ्या आणि परत कधी मिळणार ते तिच्यावर लिहून घ्या. मी घेतली नव्हती.

नियमाला एक अपवाद. समाजाच्या आणि विश्वस्त संस्थांच्या वसतिगृहांचे फॉर्म काही ठिकाणी निकालाच्या सुमारासच निघतात. त्यात फक्त फॉर्मचे पैसे जातात, बांधिलकी होत नाही. दोन-तीन ठिकाणी भरून ठेवा.

पैसा

इथे अर्धं आत्ता, अर्धं नंतर. शिक्षण कर्ज प्रवेशपत्राशिवाय मंजूर होत नाही, म्हणून लोक बँकेत आधी जातच नाहीत. पण शाखेत जाऊन कागदांची यादी आणणं आत्ताच करता येतं. बँकांच्या ठरलेल्या योजनेत 4 लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. हे माहीत असलं की काउंटरवर बोलताना बिचकायला होत नाही.

मुलींच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं मिळतं. होस्टेल आणि मेस यात येत नाही, म्हणून घरात हिशेब मांडताना 'मुलीचं फुकट आहे' असं धरून चालू नका. राहण्याखाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, तिच्यातून पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये मिळतात. हे पैसे उशिरा हातात येतात. पहिल्या तीन-चार महिन्यांचा खर्च आपल्याजवळ असायला हवा, आणि त्यासाठी तरी थोरल्यासारखं जूनमध्ये डिपॉझिटात पैसे अडकवू नका.

सामान

नंतर. गादी, बादली, कूलर सगळीकडे मिळतं. होस्टेलमध्ये कॉट-टेबल असतं, खोलीत नसतं, म्हणजे काय लागेल हे जागा कळल्याशिवाय ठरतच नाही. लॅपटॉपसुद्धा शाखा ठरल्यावर घ्या.

शिवाय एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. थोरल्यासाठी मी मे महिन्यातच मोठी लाल बॅग आणून ठेवली होती, हौसेने. ती हॉलमध्ये कपाटाशेजारी उभी असायची. निकालाच्या आदल्या रात्री तो मला म्हणाला, "आई, ती बॅग आत ठेव ना." तेव्हा मला कळलं की सहा आठवडे तो त्या बॅगेशेजारून जातायेता काय सोसत होता. आमची तयारी त्याला 'तू जाणारच, चांगलेच मार्क पडणार' असं रोज बजावत होती. धाकटीच्या वेळी सीट फ्रीझ होईपर्यंत घरात एक पिशवीही आणली नाही, आणि या बाबतीत तरी माझं थांबणं बरोबर होतं.

निकाल मनासारखा लागला नाही तर काय, हेही एकदाच, शांतपणे, निकालाच्या बरंच आधी बोलून टाका. राज्यात इंजिनिअरिंगला बारावीच्या गटात खुल्या वर्गाला 45 टक्के आणि मागासवर्गाला 40 टक्के लागतात. गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते. दार कुठे कुठे उघडं आहे हे पोराला ठाऊक असलं की ते निकालाच्या दिवशी खोलीचं दार लावून बसत नाही.

पोराला शिकवायचं ते

आत्ताच, आणि भरपूर. या मोकळ्या आठवड्यांसारखा वेळ पुन्हा मिळत नाही. थोरल्याने सांगलीत पहिल्याच रविवारी पांढरा शर्ट लाल टॉवेलबरोबर भिजवला आणि मला फोन केला. धाकटीने मे महिन्यात आठवडाभर घरातले सगळे कपडे धुतले, कुकर लावायला शिकली, एकटीने एसटीने मावशीकडे जाऊन आली. बँकेत स्लिप भरली, एटीएममधून पैसे काढले, ताप आला तर कुठली गोळी किती तासांनी घ्यायची ते वहीत लिहून घेतलं. बाबांनी तिला महिन्याच्या खर्चाची वही घालून दिली. जूनचे पैसे तिने 20 तारखेलाच संपवले, उरलेले दहा दिवस आम्ही वर काही दिलं नाही. जुलैत पुरले.

सीट लागते त्या आठवड्यात

अलॉटमेंट लागल्यापासून कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस असतात. आमची वाटणी अशी होती. धाकटीला छत्रपती संभाजीनगरला सीट लागली, ती आणि तिचे बाबा मूळ कागदांची फाइल आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स घेऊन रात्रीच्या बसने निघाले. सकाळी रिपोर्टिंग उरकलं, तिथेच होस्टेलचा फॉर्म भरला, आणि मे महिन्यात फाटकापाशी भेटलेल्या एका मुलीला फोन केला, तिचा नंबर आम्ही घेऊन ठेवला होता. तिच्याच ओळखीने संध्याकाळपर्यंत महिन्याच्या बोलीवर कॉट मिळाली. लाल बॅग मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून काढून पुसली.