नगर परिषदेच्या कुरिअरपेक्षा पोस्टाची खिडकी बरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तार नव्यानं भरून द्यायचं, दुकान आहे. सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक पंप, त्यांचे स्टार्टर, जे जळेल ते आमच्याकडं येतं. पार्सलाशिवाय हा धंदा एक आठवडा चालत नाही. म्हणून हे परीक्षण स्पीड पोस्टाचं असलं तरी त्यात खासगी कुरिअर येणार, एसटी येणार, आणि आमच्या इथं सध्या चौकाचौकात चघळली जाणारी ती कल्पनाही येणार: नगर परिषदेनं स्वतःचं कुरिअर काढावं. पोट्ट्यांना काम मिळेल, गावाचा पैसा गावात राहील. ऐकायला गोड आहे.

आधी माझी नड सांगतो. हरभरा, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले की लाइन रात्रीची, व्होल्टेज कमी, आणि मोटारी पटापट जळतात. शेतकरी बोअरमधून मोटार ओढून काढतो, ट्रॅक्टरवर टाकून आणतो आणि उतरवायच्या आधीच विचारतो, "कवा भेटते भाऊ?" वाइंडिंग मी रात्र जागून भरून देतो. अडतं ते सुट्या भागांवर. थ्रस्ट बेअरिंग, बुश, लाइन गेली की मोटार बंद करणारी स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल, हा माल नागपूर-अमरावतीहून येतो. इकडं ओलीत थांबलं की गडी दिवसातून दोनदा फोन करतो. त्याचं चूक नाही.

वेगाला एसटीचं पार्सल उत्तम. पण ते स्टँडपासून स्टँडपर्यंत. माल आपण जाऊन आणायचा, पुढं खेड्यावर आपणच पोचवायचा. त्याचं काम तेवढंच आहे, म्हणून तक्रार नाही.

खासगी कुरिअरचं मात्र सांगतो, नाव घेत नाही. थ्रस्ट बेअरिंगमध्ये कार्बनची चकती असते. पाण्यात बुडून ती वर्षानुवर्षं अख्ख्या रोटरचा, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाचा, भार पेलते, पण कोरडी असताना हातातून फरशीवर पडली तर गेलीच. एकदा डबा आला तो एका बाजूनं बसलेला. पोऱ्या म्हणे आधी सही करा, मग उघडा. मी उघडलंच. थर्माकोलवर काळी भुकटी, चकतीचे तीन तुकडे आणि सोबत पक्कं बिल. ऑफिसात गेलो तर उत्तर ठरलेलं, पॅकिंग माल पाठवणाऱ्या तुमच्या पार्टीचं. पार्टी म्हणे पॅकिंग आमचं बरोबर होतं, फेकलं त्यांनी. मधल्या मधी शेतकऱ्याचा हरभरा सुकला.

पण फुटणं-तुटणं मी एक वेळ सोडून देईन. खरा त्रास त्यांच्या एका शब्दाचा आहे: ओडीए. म्हणजे आऊट ऑफ डिलिव्हरी एरिया. मी दुरुस्त केलेली कॉइल खेड्यावर पाठवायला गेलो की काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडं पाहून म्हणतो, "ओडीए हाय भाऊ, ते गाव आपल्याकडं नाही. त्याले इथंच बोलवा." मग तो माणूस कॉइलच्या किमतीपेक्षा जास्त पेट्रोल जाळून येतो.

पोस्टाच्या खिडकीवर हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. पिन लिहा, वजन करा, पैसे द्या, पावती घ्या. देशात दीड लाखावर डाकघरं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. आमच्या भागात त्याचा अर्थ काय, तर कुठल्या तरी ग्रामीण डाकसेवकाच्या घरातली पुढची खोली. एक टेबल, एक पेटी, भिंतीवर फलक आणि हातात मोबाइलसारखं मशीन. नोकरी कागदावर चार-पाच तासांची, फेरी स्वतःच्या मोटारसायकलवर. मी एका गिऱ्हाइकाला कॉइल पाठवली आणि पत्त्यावर नुसतं आडनाव आणि गाव लिहिलं, कारण त्याच्या घराला दुसरा पत्ताच नाही. डाकसेवकाचा मला फोन, "त्या घरी दोघं भाऊ हायेत जी, वेगळे निंगाले. थोरल्याले देऊ का लहान्याले?" थोरल्याला दिली. लहान्याकडं बोअरच नव्हती, हेही त्याला माहीत होतं. तरी विचारून घेतलं.

दराचं बोलायचं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून नवे दर आहेत. कागदपत्रांच्या पाकिटाला बाहेरगावी ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, स्थानिक १९ रुपये, जीएसटी वेगळा. पाच रुपये जास्त दिले की रजिस्ट्रेशन, म्हणजे ज्याच्या नावानं आहे त्याच्याच किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्या हातात. आणखी पाच रुपयांत ओटीपी सांगितल्याशिवाय माल सुटत नाही. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं, त्यामुळं आता खिडकीवर कोणतं करू हा घोळ नाही. जड मालही ३५ किलोपर्यंत जातो. वार्निश आणि ऑइल चालत नाही, पेट घेणारा माल आहे, नियम बरोबर आहे. पण ते ट्रान्सपोर्टनंच मागवावं लागतं, म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार.

आता नगर परिषद. पोरगी एमपीएससीचा अभ्यास करते. तिनं जेवता जेवता सगळा पाढा म्हणून दाखवला. टपाल हा केंद्राच्या यादीतला विषय. ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांसाठी १८ विषय दिले, त्यात पाणी आहे, दिवाबत्ती आहे, स्मशानभूमी आहे, कुरिअर नाही. १८९८ च्या कायद्यानं पत्रं वाहून नेण्याचा हक्क केंद्र सरकारनं स्वतःकडं राखला होता. २०२३ चा डाकघर कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला तेव्हा ते कलम गेलं. म्हणजे वाट अगदीच बंद नाही. मी म्हटलं, वाट उघडी दिसली म्हणून बैलगाडी घालायलाच पाहिजे का?

माझा मुद्दा कायद्याचा नाहीच, हद्दीचा आहे. नगर परिषदेची हद्द जुन्या जकात नाक्यापाशी संपते. नाक्याच्या आत कुरिअरची नड कोणाला आहे? मेन रोडवर तीन-चार कंपन्यांचे बोर्ड लागलेत, ऑनलाइनवाल्यांची पोरं दिवसभर फिरतात. नड सुरू होते ती नाक्याच्या पलीकडं, जिथं ओडीए लागतं, आणि तिथं नगर परिषदेला जायचं कारण नाही. गेलीच, तर घरपट्टीच्या पैशातून दुसऱ्याच्या हद्दीत डिझेल का जाळलं हे ऑडिटवाला बरोबर लिहून ठेवणार. नागपूरहून येणारा डबा तर नगर परिषद आणूच शकत नाही, त्याला तिकडं कोणीतरी उचलणारा लागतो. राहिलं काय, गावातल्या गावात पाकिटं वाटणं. त्याचा पोस्टाचा दर १९ रुपये. त्याच्या खाली पगार, गाडी आणि पेट्रोल बसवून दाखवा.

वकीलसाहेबांची मोटार माझ्याकडं होती तेव्हा त्यांनी एक वेगळीच खोच काढली. नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली, पत्ता बरोबर आणि टपालखर्च भरलेला असला, की ती पोचली असं कायदा धरून चालतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचं २७ वं कलम. नगर परिषदेच्या पोऱ्यानं दिलेल्या नोटिशीला या कलमाचा आधार नाही. म्हणजे हा आधार हवा असेल तर स्वतःच्याच थकबाकीदाराला नोटीस काढायला नगर परिषद शेवटी पोस्टाच्याच खिडकीवर येणार.

पोट्ट्यांना काम द्यायचंच असेल तर एक काम पडलंय. घरांना नंबर लावा. आमच्याकडं नवे लेआउट पडले, त्यांना नावं नाहीत, गल्ल्यांना पाट्या नाहीत. पोस्टानं मे २०२५ मध्ये डिजिपिन काढला, देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड. तो घराच्या नंबरासोबत पाटीवर छापला तर पोस्ट, कुरिअर, अँब्युलन्स, सगळ्यांनाच सोय. हे हद्दीतलं काम आहे आणि दुसरं कोणी करणार नाही. माझ्या दुकानाचा पत्ता आजही 'पाण्याच्या टाकीमागे' असा लिहितात. गावात टाक्या तीन आहेत. नवीन पोऱ्या आला की पहिल्या दोन फिरूनच माझ्याकडं येतो, आणि तोवर दुकानासमोर ट्रॅक्टर उभा असतो.